गुडघा, कंबर, छाती

मला सांगितलं होतं, आकृती काढ.
धरण म्हणजे चौकोन,
चौकोनातून निघालेला बाण म्हणजे नदी,
मग नियंत्रण कक्ष, मग भोंगा,
आणि शेवटच्या चौकोनात एकच शब्द: नागरिक.
साहेब म्हणाले, सुटसुटीत आहे.
होतीच. पाण्याचा एक थेंब नव्हता तिच्यात.

एका रविवारी बाणाचं टोक शोधत
मी गंगापूरहून खाली आले,
सोमेश्वर, आनंदवली, होळकर पूल,
आणि भांडी बाजाराच्या उतारावर
तो नागरिक नावाचा चौकोन फुटला.

त्यातून निघाले अब्बासभाई कुकरवाले,
श्रावण लागला की खालच्या दोन फळ्या
रिकाम्या ठेवणारे;
निघाली इंदुमती शेवरे, फुलांची,
जिच्या टपरीला चाकं, चाकांना दोर,
आणि दोराचं दुसरं टोक
चढावरच्या भाच्याच्या खिडकीला.

कधी हलवता, मी विचारलं.
दोघांनी एकदमच मान वळवली
पात्रात उभ्या दुतोंड्या मारुतीकडे.
गुडघा बुडाला की माल वर.
कंबर बुडाली की मीटर बंद.
छातीला लागलं की कुलूप,
आणि किल्ली आपल्या खिशात नाही, भाच्याकडे;
खिशात किल्ली असली
की माणूस पुरात माघारी फिरतो.

हे कुठे लिहिलंय?
कुठेच नाही.
ठरवलं कोणी?
अब्बासभाईंनी एका कुकरवरची शिट्टी उचलून
माझ्या तळहातावर ठेवली.
"हिला कोण सांगतं, वाफ कधी सोडायची?
वजन सांगतं."
पण ते वजन कुणीतरी ठरवलेलं असतं, मी म्हटलं.
"असेल," ते म्हणाले,
"भाजलेल्या कुणीतरी."

मी कचेरीत आले. तक्त्यात
क्युसेकच्या शेजारी नवा रकाना आखला: मारुती.
साहेबांनी लाल रेघ मारली,
हे एकक प्रमाणित नाही.
मी खोडलं आणि लिहिलं,
स्थानिक संदर्भ पातळी क्रमांक एक.
त्यांनी सही केली.

ऑगस्टात एका रात्री दरवाजे उघडले.
पावणेदोनला फोन:
"ते हजार राहू दे तुमच्याकडे, बेटा.
कुठवर, तेवढं सांग."
मी तक्ता बघितला. म्हटलं, कंबर.

छाती आली.

नदीने काही लबाडी केली नाही.
खालच्या अंगाला नवा काँक्रीटचा कट्टा होता,
आपणच बांधलेला, दुसऱ्या खात्याने,
दुसऱ्या एका आकृतीत,
जिच्यात नदी हा बाणसुद्धा नव्हता,
नुसती हिरवी पट्टी: सुशोभीकरण.
दोन्ही आकृत्या सुटसुटीत.
पाणी मात्र एकच,
आणि त्याला दोन्हींतून जायचं होतं.

सकाळी गल्लीत गाळ, गाळात शेवंती,
तिसऱ्या फळीवरचे छत्तीस कुकर चिखलाने भरलेले.
इंदुमतीची टपरी चढावर, कोरडी;
तिने माझं ऐकलंच नव्हतं,
मारुतीकडेच बघत बसली होती बॅटरी घेऊन.
मी काय बोलणार?
नळीचं एक टोक धरून
कुकर धुवायला बसले.
अकराव्या कुकरनंतर अब्बासभाई म्हणाले,
"पुढच्या वेळी थोडं जास्तच सांगत जा.
जास्त सांगणाऱ्याला आम्ही शिव्या देतो फक्त."

आता आकृती बिघडली आहे.
एक बाण उलटा निघतो, बाजारातून धरणाकडे,
एक कट्ट्याला वळसा घालतो,
आणि एकाचं टोक कुठे न्यावं ते मला कळत नाही,
म्हणून तो पेन्सिलीनेच ठेवलाय.
साहेब विचारतात, हे अंतिम कधी होणार?

काल फळी वर सरकवायला सुतार आला होता.
टेपचं एक टोक अब्बासभाईंनी माझ्या हातात दिलं,
दुसरं स्वतः भिंतीवरच्या गाळाच्या रेघेला लावलं.
मी वाचलं, पंचवीस सेंटिमीटर.
त्यांनी हात पसरून ताडून बघितलं,
"एक वीत नि दोन बोटं,"
आणि सुताराला सांगितलं,
भोक तीन बोटांवर पाड.